ऋणाच्या ओळीला मी अडखळायचो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत मागे एका वाचकाचं पत्र आलं होतं, श्रद्धा ही ज्याची त्याची खाजगी बाब, देव आणि मी यांच्यात तिसऱ्या माणसाचं काय काम, असा एकंदर सूर. वाचायला बरं वाटतं आणि त्यात थोडं खरंही आहे. पण मी जन्माने ख्रिस्ती, नंतर स्वतःच्या मर्जीनेही ख्रिस्ती, वय एकसष्ट, नाना पेठेत वाढलो, खडकीला नोकरी केली, आता घोरपडीत राहतो, आणि माझा अनुभव नेमका उलटा आहे. माझ्या आणि देवाच्या मधे कायम कोणीतरी तिसरा उभा होता. कधी त्याने हात धरून पुढे नेलं, कधी दार अडवलं, आणि एकदा तर सात वर्षं अडवलं. त्याच्याबद्दल लिहितोय, जरा लांबेल, काटछाट करायची तर करा पण मावशींचा भाग कापू नका.

आधी आमच्या आजीबद्दल. नगरकडच्या खेड्यातली बाई, अक्षर ओळख नाही, पण ‘उपासना संगीत’ या आमच्या चर्चच्या भजनांच्या पुस्तकातली टिळकांची भजनं तिला तोंडपाठ. टिळक म्हणजे आमचे रेव्हरंड नारायण वामन टिळक, केसरीवाले नव्हेत, हे पुण्यात प्रत्येक वेळी सांगावं लागतं. आजी भाकरी थापताना गायची, आणि मी चुलीपाशी बसून ऐकायचो. संडे स्कूलमधे नंतर बरंच काही शिकवलं, पाठांतराची बक्षिसं मिळाली, पण देव नावाचं कोणी आहे आणि त्याच्याशी घरातल्या माणसाशी बोलतात तसं बोलता येतं हे मला त्या भाकरीच्या वासातच कळलं. बायबलात प्रेषित पौल आपल्या तरुण सोबत्याला, तीमथ्याला, पत्रात लिहितो ना, की तुझा विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि आई युनीके यांच्यात होता, ते वाचलं की मला आमची आजी दिसते.

हीच आजी पालख्या आल्या की दारात पाण्याचा पिंप भरून ठेवायची. तुकोबांची पालखी नाना पेठेत निवडुंग्या विठोबाला मुक्कामाला आणि माउलींची भवानी पेठेत, म्हणजे आमच्या गल्लीला त्या दोन दिवसात श्वास घ्यायला जागा नसायची. एकदा चर्चमधल्या एका गृहस्थाने विचारलं, तुम्ही ख्रिस्ती असून वारकऱ्यांना पाणी का देता? आजी म्हणाली, तहान लागलीय म्हणून. विषय संपला. टिळक स्वतः म्हणायचे की ते तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आले, आजीला हे माहीत होतं की नाही देव जाणे, पण पुलावरून येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी द्यायचं असतं एवढं तिला कळत होतं. आणि वारीचं बघा, वारीला कोणी एकटा जात नाही, दिंडीत जातो, दिंडीला नंबर असतो, कोणाची चप्पल तुटली तर कोण थांबणार हे ठरलेलं असतं. ही गोष्ट आम्हा चर्चवाल्यांना वारकऱ्यांकडून शिकण्यासारखी आहे, असं मी आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, बोललो तर दोन जण हसले आणि एक रागावला.

आता मूळ गोष्ट. माझा धाकटा भाऊ. २०११ साली त्याने इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान टाकलं, मी पीएफमधून तीन लाख काढून दिले, कागद केला नाही कारण भाऊ आहे. दुकान चाललं नाही. पैसे परत आले नाहीत, ते एकवेळ ठीक, पण दीड वर्षाने त्याने गाडी घेतली, सेकंडहँड का होईना पण चारचाकी, आणि ती मला चर्चच्या गेटपाशी पार्क केलेली दिसली. तिथेच, उपासनेला आलेल्या लोकांसमोर, मी त्याला जे बोललो ते छापण्यासारखं नाही. तो पण बोलला. त्या दिवसापासून बोलणं बंद, घरी जाणं बंद, माझी बायको आणि त्याची बायको चोरून फोन करायच्या तेवढंच.

गंमत अशी की चर्च दोघांनी सोडलं नाही. कोणी सोडायचं यावरच जणू पैज लागली होती. तो डावीकडे खिडकीपाशी बसायचा, मी उजवीकडे पंख्याखाली, मधे सगळी मंडळी. माझी हजेरी त्या काळात एकदम पक्की, पास्टोरेट कमिटीवर, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीवर होतो, ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात कॉटेज मीटिंग, म्हणजे घरगुती प्रार्थनासभा, घरी ठेवायचो, नाताळला कॅरोलवाल्या पोरांना चहा आणि करंज्या, सगळं रीतसर. बाहेरून बघणारा म्हणाला असता काय आत्मिक माणूस आहे. आतून मात्र सगळं कोरडं पडलेलं. प्रार्थनेला बसलो की दोन मिनिटांत मनात हिशोब सुरू, तीन लाखावर एफडीचं व्याज किती झालं असतं वगैरे. बायबलातलं वचन वाचायला घेतलं की प्रत्येक ओळ भावालाच लागू पडायची, मला एकही नाही.

आणि प्रभूची प्रार्थना. ज्या वाचकांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, येशूने शिष्यांना शिकवलेली ही छोटीशी प्रार्थना आम्ही दर रविवारी सगळे मिळून मोठ्याने म्हणतो, बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात आहे. त्यात एक ओळ आहे, ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड.’ अर्थ पापांच्या क्षमेचा आहे, मान्य, पण मराठीत शब्द ऋण आहे हो. आणि माझा ऋणको चार बाकं पलीकडे बसलेला. ती ओळ आली की मला खोकला यायचा. खरा खोकला नाही, आणलेला. सगळे ‘ऋण्यांस’ म्हणायचे तेव्हा मी घसा खाकरायचो, आणि ‘आम्हांस परीक्षेत आणू नको’ला परत सुरात सामील. सात वर्षं. आजारपणं आणि गावाला गेलेले दिवस वजा केले तरी सव्वातीनशे रविवार झाले असतील.

एकट्याने करायची प्रार्थना असती तर हे चाललं असतं. पण ती प्रार्थना नीट बघितली तर तिच्यात ‘मी’ किंवा ‘माझा’ कुठेच नाही. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ पासून सगळं आमच्या, आम्हांस, आमची. भाकरसुद्धा आमची मागायची. खोलीत दार लावून एकटा बसून म्हटली तरी ‘आमची’च म्हणावं लागतं, म्हणजे ज्याच्याशी अबोला आहे तो पण खोलीत येऊन बसतो. आणि प्रार्थना संपल्यावर येशू त्यातल्या एकाच ओळीकडे परत वळतो, भाकरीकडे नाही, राज्याकडे नाही, याच ओळीकडे, की तुम्ही लोकांना क्षमा केली नाही तर तुमचा पिताही तुम्हाला करणार नाही. त्याच्या आधीच्या अध्यायात तर अजून स्पष्ट आहे, वेदीपाशी अर्पण घेऊन आलास आणि तिथे आठवलं की भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. नीट वाचा, ‘भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध’. मी कायम उलटं वाचत आलो होतो, माझ्या मनात त्याच्याविरुद्ध काय आहे ते. त्याच्या मनात काय असेल हा प्रश्न मला पडलाच नव्हता, कारण पैसे माझे गेले होते ना.

आता मावशी. माझ्या मागच्या बाकावर बसायच्या, निवृत्त नर्स, लग्न केलं नाही, अर्धी मंडळी त्यांना मावशी म्हणायची. २०१९ च्या पावसाळ्यात एकदा उपासना संपल्यावर त्यांनी मला थांबवलं. मला वाटलं वर्गणीचं काहीतरी असेल. म्हणाल्या, “अरे, तू ती ओळ गिळतोस. मी तुझ्या मागे बसते, मला ऐकू येतं.” मी म्हटलं, कुठली ओळ मावशी? तर म्हणाल्या, “मी पस्तीस वर्षं वॉर्डात काढली, खरा खोकला आणि खोटा खोकला मला कळतो.”

पुढे काही उपदेश नाही. क्षमा कर, वचन काय सांगतं, असलं काही बोलल्या नाहीत. उलट म्हणाल्या, माझे गुडघे गेलेत, रिक्षावाले जवळचं भाडं घेत नाहीत, तर दर रविवारी मला स्कूटरवर घरी सोडशील का? आता नाही कसं म्हणणार. आणि मावशी राहायच्या कुठे, तर माझ्या भावाच्या बिल्डिंगमधे, त्याच्याच खालच्या मजल्यावर. मला हे माहीत होतं, त्यांना माहीत होतं की मला माहीत आहे, पण कोणी काही बोललं नाही. तीन महिने मी त्यांना गेटवर सोडून वळायचो. मग एकदा म्हणाल्या, पिशवी जड आहे, वर ये. मग एकदा, चहा टाकलाय, बस. आणि नोव्हेंबरमधल्या एका रविवारी मी चहा पीत बसलेलो असताना बेल वाजली आणि दारात भाऊ, हातात मावशींचं दुरुस्त केलेलं मिक्सर. त्यालाही अर्थात त्याच वेळेला बोलावलेलं.

पुण्यात चहाला इतिहास आहे. १८९० साली पंचहौद मिशनमधे व्याख्यानाला गेलेल्या मंडळींना पाद्र्यांनी चहा दिला, कोणी प्यायला, कोणी नुसता कप हातात धरून मान राखला, आणि गोपाळराव जोशींनी हजर असलेल्यांची नावं छापून आणल्यावर लोकमान्य टिळक, न्यायमूर्ती रानडे अशा माणसांवर प्रायश्चित्ताची पाळी आली. त्यांना चहा प्यायल्याबद्दल प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आमच्या बाबतीत तो चहा हेच प्रायश्चित्त होतं. वीस मिनिटं दोघं भाऊ मावशींच्या बारक्या सोफ्यावर शेजारी शेजारी, गुडघ्याला गुडघा लागतोय, आणि मावशी आतमधे उगीचच भांडी घासतायत, मुद्दाम आवाज करून.

तो म्हणाला, “दादा, गाडी हप्त्यावर होती. आणि माझी नव्हती, सासऱ्यांची होती, त्यांचं डायलिसिस सुरू होतं, आठवड्यातून दोनदा न्यायला लागायचं.” मी विचारलं, मग तेव्हा गेटवर का नाही बोललास? म्हणाला, “तू बोलू दिलंस का?”

बस एवढंच. रडारड नाही, मिठ्या नाहीत, आमच्याकडे ती पद्धतच नाही. मी मिक्सर चालतो का ते बघितलं आणि घरी आलो. पण पुढच्या रविवारी मला खोकला आला नाही. आवाज फुटला नाही नीट, पण ओळ पूर्ण झाली.

तीन लाखांचं विचाराल तर साधारण चाळीस हजार आलेत, तुटक तुटक. बाकीचे येतील असं वाटत नाही, आणि मी ते पूर्ण सोडले आहेत असंही छातीठोकपणे सांगत नाही, कधी कधी रात्री व्याजाचा हिशोब परत डोक्यात येतो. पण सप्टेंबर २०२० मधे मी आणि बायको दोघं कोविडने घरात अडकलो, जिन्यात पाय ठेवायला लोक घाबरायचे, तेव्हा सतरा दिवस दोन वेळचा डबा दाराबाहेर ठेवून बेल वाजवून खाली पळणारा हाच होता. डब्यावर मास्किंग टेपने रोज एक वचनाचा नंबर चिकटवलेला असायचा, फक्त नंबर, ओळ नाही, म्हणजे बायबल उघडून शोधणं आलं. त्या सतरा दिवसांत मी जितकं शास्त्र वाचलं तितकं कमिटीवरच्या सात वर्षांत वाचलं नसेल. मावशींचा तो चहा झाला नसता तर तो डबा आला असता का, मला नाही वाटत.

त्याच काळात चर्च बंद होतं आणि उपासना मोबाईलवर सुरू झाली. आजारी आणि म्हाताऱ्या माणसांना त्याचा आधार होता, मी नाकारत नाही. पण ती सवय काही लोकांना अशी चिकटली की अजून सुटलेली नाही, पलंगावर पडल्या पडल्या अमेरिकेतला, केरळातला कुठला तरी भारी उपदेश ऐकायचा, आवडला नाही तर पुढचा. उपदेश चांगला असेलही. पण मोबाईलवरच्या उपदेशकाला तुमचा खोटा खोकला ऐकू येत नाही ना.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे नाहीतर लोक म्हणतील हा नुसता गोडगोड लिहितो. नाती तारतात तशी बुडवतातही. मंडळीतली गटबाजी, कमिटीच्या निवडणुका, जमिनीच्या केसेस, यांना कंटाळून चर्चच नको म्हणणारी माझ्या ओळखीची चांगली विश्वासू माणसं आहेत, त्यांना दोष द्यायला माझी जीभ उचलत नाही. आणि त्याहून वाईट म्हणजे काही स्वयंघोषित ‘आत्मिक बाप’ असतात, ते तरुण पोरांना सांगतात कोणाशी लग्न करायचं, कोणती नोकरी घ्यायची, आईवडील वेगळ्या मंडळीत जातात म्हणून त्यांच्याशी बोलू नका. माझ्या मित्राचा मुलगा अशाच एका ठिकाणी चार वर्षं होता. परत आला तो देवाशीही न बोलणारा होऊन.

अशा वेळी पंडिता रमाबाई आठवाव्यात. १८८३ मधे इंग्लंडात वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला, तिथल्या सिस्टर जेराल्डिन त्यांच्या आध्यात्मिक मार्गदर्शक, रमाबाई त्यांना पत्रात ‘आजीबाई’ म्हणायच्या इतकी माया. पण त्याच आजीबाईंनी अमुक शिकवण मुकाट मान्य कर म्हटल्यावर रमाबाईंनी पत्रांतून सरळ सांगितलं की एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने मान सोडवलीय ती दुसऱ्या जोखडात घालायला नाही. कडाक्याचे वाद झाले. नातं मात्र तोडलं नाही. मला हे फार मोठं वाटतं, भांडायला जागा ठेवणारं प्रेम. रमाबाईंनी उभं केलेलं केडगावचं मुक्ती मिशन बघायला जाणाऱ्यांनी ही पत्रं पण वाचावीत.

तसंच लक्ष्मीबाई टिळकांचं, म्हणजे आमच्या रेव्हरंड टिळकांच्या पत्नीचं. १८९५ मधे नवरा ख्रिस्ती झाला, या बाईवर आभाळ कोसळलं, काही वर्षं वेगळ्या राहिल्या, मग नगरला आल्या त्या पण आपलं सोवळं सांभाळतच, आणि १९०० मधे स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षं. टिळक काही शांत स्वभावाचे नव्हते, तापट आणि लहरी होते हे लक्ष्मीबाईंनीच लिहून ठेवलंय, पण तिची वेळ येईपर्यंत ते थांबले. आमच्याकडे आजकाल लग्न ठरलं की पुढच्या महिन्यात मुलीचा बाप्तिस्मा आटपून टाकतात, हॉलचं बुकिंग असतं म्हणून.

आणि ज्यांचं जुळलंच नाही त्यांचं काय, तर बायबलातल्या पौल आणि बर्णबा या बरोबर फिरून प्रचार करणाऱ्या सोबत्यांचंही फाटलंच होतं, मार्क नावाच्या तरुणाला बरोबर न्यायचा की नाही यावरून, इतकं की दोघं दोन दिशांना गेले. कित्येक वर्षांनी तुरुंगातून पौल लिहितो, मार्काला घेऊन ये, तो मला उपयोगी आहे. मधल्या वर्षांत काय झालं शास्त्रात लिहिलेलं नाही. कोणीतरी मावशी असणार.

आता पत्र लिहिण्याचं खरं कारण. पुण्यात दरवर्षी जालना, नगर, अमरावतीकडून कितीतरी ख्रिस्ती पोरंपोरी शिकायला, नोकरीला येतात. हिंजवडीला, विमाननगरला पीजीमधे राहतात, चार जणांच्या खोलीत. गावी यांचं चर्च म्हणजे अर्धं घरच, काका, आत्या, संडे स्कूलच्या टीचर, सगळे ओळखीचे. इथे रविवारी येतात, मागच्या बाकावर बसतात, आशीर्वाद झाला की उठून जातात, आणि आम्ही गेटवर उभे राहून ‘सलाम, कसे आहात’ एकमेकांनाच करत राहतो. सहा महिन्यांनी ते येत नाहीत, मग आम्ही म्हणतो आजची पिढी बिघडली. पिढीला कोणी जेवायला बोलावलं का? तरुण संघाचं वार्षिक शिबिर, बॅनर, टीशर्ट हे सगळं ठीक आहे हो, पण रविवारी दुपारी वरणभात आणि मटणाचा रस्सा आणि कोणीतरी विचारणं, तुझ्या ऑफिसातल्या त्या मॅनेजरचं काय झालं, याला पर्याय नाही. मंडळी कुठलीही असो, आमची, कॅथलिक, कोणतीही, एक घर एक पोर एवढं धरलं तरी पुष्कळ होईल. आणि हे फक्त आमच्या लोकांसाठी नाही, तुमच्या सोसायटीत गणपतीच्या आरतीला मागे उभं राहून प्रसाद घेऊन गुपचूप निघून जाणारा पोरगा असेलच की.

मावशी मागच्या वर्षी उपवासकाळात गेल्या. शवपेटीला खांदा द्यायला मी आणि भाऊ पुढे होतो, त्याची उंची जास्त म्हणून माझी बाजू सारखी खाली जात होती आणि तो हळू आवाजात मला ‘वर घे वर घे’ करत होता. त्यांच्या जागेवर आता जालन्याची एक मुलगी बसते, इंजिनियरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, गेल्या तीन रविवारी आमच्याकडे जेवली. ऋणाच्या ओळीला आलो की मी हल्ली जरा मोठ्यानेच म्हणतो, मागे बसणाऱ्याला ऐकू जातं म्हणून.

आपला,
एक जुना वाचक, घोरपडी, पुणे

ता. क. – नाताळच्या पुरवणीत दरवर्षी तोच रोषणाई केलेल्या चर्चचा फोटो आणि प्लम केकची कृती असते. मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या, चकल्या, अनारसे होतात, दारात कंदील लागतो. एक वर्ष तसं छापून बघा. कृती हवी असेल तर आमची ही द्यायला तयार आहे, फक्त तिचं म्हणणं आहे की अनारशाचं प्रमाण कागदावर लिहून जमत नाही, समोर उभं राहून शिकावं लागतं.